जुनी विंडोज आत, नवी बाहेर

पुणे-नाशिक महामार्गावरचे पेठ, पुढे मंचर, नारायणगाव, आळेफाटा आणि आत घोडेगाव, जुन्नर. या पट्ट्यातला डीटीपी आणि छपाईचा धंदा हंगामावर चालतो. तुळशीचे लग्न लागले की पत्रिका सुरू होतात. चैत्रात यात्रांची आणि बैलगाडा शर्यतींची हँडबिले निघतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था यांचे वार्षिक अहवाल एकदम येऊन पडतात, कारण सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. या सगळ्या गिऱ्हाइकांचे एक वाक्य ठरलेले असते : ‘मागच्या वेळचंच काढा, फक्त नावं आणि तारखा बदला.’

मागच्या वेळची फाइल असते पेजमेकरमध्ये, श्री-लिपीच्या नाहीतर आकृतीच्या फॉन्टमध्ये, आणि ती धड उघडते ती कोपऱ्यातल्या विंडोज ७ किंवा एक्सपीच्या पीसीवर. जीएसटीचे पोर्टल, बँक, आजचा ब्राउझर, नवे कोरल ही कामे मात्र त्या पीसीवर होत नाहीत. उदाहरण बघा : बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली. इतक्या वर्षांनी एखाद्या गावाने जुने हँडबिल जसेच्या तसे मागितले, तर ती फाइल उघडणारी विंडोज मधल्या काळात मेलेली असते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी.

म्हणून प्रश्न असा : एकाच संगणकावर जुनी आणि नवी अशा दोन आवृत्त्या ठेवता येतील का, आणि त्यांतली एक बाहेरच्या डिस्कवर ठेवली तर आतल्या डिस्कला हात न लावता काम भागेल का? याला मॅकवाले एक उत्तर देतात, लिनक्सवाले दुसरे आणि विंडोजवाले तिसरे. तिन्ही खरी आहेत. गोंधळ होतो तो एकाचे उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळे.

आधी फाइल का अडकते, ते पाहू. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट गेला की लग्नपत्रिकेवर अगम्य चिन्हांची रांग उरते. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. श्री-लिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, आकृती बंगळूरच्या सायबरस्केपची, आयएसएम पुण्यातल्याच सी-डॅकचे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोजमध्ये विंडोज २००० पासून, पण पेजमेकरला युनिकोड कधी कळलेच नाही. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मधली. तालुक्याच्या बाजारपेठेत मात्र पेजमेकर त्यानंतरही वर्षानुवर्षे चालत राहिले. हात बसलेला होता आणि पत्रिकेला त्याहून जास्त काही लागत नव्हते.

त्यात डोंगलची भर. ही सॉफ्टवेअरे कॉपी होऊ नयेत म्हणून सोबत एक लॉक मिळे, आधी प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचे, नंतर यूएसबीचे. त्या लॉकचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतो. ६४ बिटी विंडोज व्हिस्टापासून सही नसलेला असा ड्रायव्हर आत घेत नाही. शिवाय ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्रॅम अजिबात चालत नाहीत, आणि नव्वदच्या दशकातल्या कित्येक प्रोग्रॅमचा मूळ भाग ३२ बिटी असला तरी इन्स्टॉलर १६ बिटी असे. विंडोज १० ची ३२ बिटी आवृत्ती तरी मिळत होती, विंडोज ११ ची निघालीच नाही. डॉसमधल्या फॉक्सप्रोवर हिशेब ठेवणारी पतसंस्था आणि पेजमेकरवर पत्रिका लावणारे दुकान इथे एकाच जागी अडतात. फ्लेक्सच्या मशीनची गत तशीच. मशीन चांगले चालत असते, पण त्याचे कार्ड आणि रिप सॉफ्टवेअर ज्या विंडोजसाठी लिहिले, तिच्यापुढे सरकत नाही.

दोन विंडोज एका पीसीवर ठेवण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे डिस्कचे भाग पाडणे. ‘डबल विंडोज’ म्हणून ती इथल्या रिपेअरिंगवाल्यांना तोंडपाठ आहे : आधी जुनी टाकायची, मग नवी, म्हणजे चालू होताना निवडीचा पडदा येतो. क्रम उलटा झाला तर जुनी विंडोज नवीचा बूट लोडर पुसून बसते. या रीतीचे खरे दुखणे पुढे कळते. एक डिस्क गेली की दोन्ही विंडोज गेल्या. एक्सपीसोबत विंडोज ७ ठेवली तर एक्सपी एकदा सुरू झाली तरी विंडोज ७ चे रिस्टोर पॉइंट पुसले जातात, कारण त्यांची नवी रचना एक्सपीला ओळखता येत नाही. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केलेली विंडोज खरे तर अर्धवट झोपलेली असते. त्या अवस्थेत दुसऱ्या सिस्टिमने तिच्या डिस्कवर काही लिहिले तर फायली बिघडतात.

बाहेरच्या डिस्कचा मोह इथून सुरू होतो. वायर लावली की नवा संगणक, काढली की जुना, असे चित्र डोळ्यांसमोर येते. मॅकवर ते बऱ्याच अंशी खरे होते.

ॲपलने बाहेरच्या डिस्कवरून मॅक सुरू करण्याची सोय पूर्वीपासून ठेवली आहे. इंटेलच्या मॅकवर चालू करताना ऑप्शन कळ दाबून धरली की डिस्कांची यादी येते. ७ ऑक्टोबर २०१९ रोजी आलेल्या कॅटलिना या आवृत्तीने ३२ बिटी प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले, तेव्हा ज्यांच्याकडे जुने इनडिझाइन वा फोटोशॉप होते त्यांनी बाहेरच्या एसएसडीवर तिच्याआधीची मोहावे टाकली आणि आतल्या डिस्कवर कॅटलिना. ही व्यवस्था आजही चालते, पण तिला कुंपणे आहेत. मॅक ज्या आवृत्तीसह कारखान्यातून निघाला, तिच्या मागे तो सहसा जात नाही. १६ इंची मॅकबुक प्रो २०१९ मध्ये कॅटलिनासह आला, त्यावर मोहावे चढत नाही. २०१८ ते २०२० मधल्या टी-२ चिपच्या मॅकवर बाहेरून बूट करणे मुळातच बंद असते, रिकव्हरीत जाऊन सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ते सुरू करावे लागते. नोव्हेंबर २०२० पासूनच्या एम-१ आणि पुढच्या चिपवर बिग सरच्या आधीचे काहीही चालत नाही. त्यांत यादी पाहायला पॉवरचे बटण दाबून धरायचे. आणखी एक गोष्ट विकत घेताना कोणी सांगत नाही. या मॅकची सुरुवातीची पायरी नेहमी आतल्या साठवणीतूनच होते, म्हणजे आतली साठवण मेली तर बाहेरची डिस्क कितीही धडधाकट असली तरी उपयोग नाही. इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती टाहो असेल असे ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केले. त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमसाठी इंटेलचा मॅक सांभाळून ठेवणाऱ्याने तो विकण्याआधी दोनदा विचार करावा.

डिस्कच्या बांधणीचाही मुद्दा आहे. २०१७ च्या हाय सिएरापासून मॅक एपीएफएस वापरतो. त्यात एकाच डिस्कवर भिंती न घालता दोन आवृत्त्या जागा वाटून घेऊ शकतात. ही एपीएफएस फिरत्या हार्ड डिस्कवर मात्र फार रेंगाळते. मोहावे जुन्या यूएसबी हार्ड डिस्कवर टाकून ‘बाहेरची डिस्क म्हणजे बैलगाडी’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांचा दोष डिस्क निवडण्यात असतो. आमच्याकडचा गाडा घाटात काही सेकंदांत धावतो, तेव्हा ती उपमाही चुकीचीच म्हणायची.

वेगाबद्दल थोडे खुलासेवार सांगितले पाहिजे, कारण अपयशाचे निम्मे किस्से इथलेच असतात. यूएसबी २ ची कमाल ४८० मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस मेगाबाइट. यूएसबी ३ ची ५ गिगाबिट, त्यावर साधी साटा एसएसडी चारशेच्या आसपास मेगाबाइट देते. फिरती हार्ड डिस्क मोठी फाइल वाचताना शंभराच्या वर जाते, पण ऑपरेटिंग सिस्टिमला एका वेळी मोठी फाइल नको असते. तिला हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून उचलायचे असतात, आणि त्या कामात तीच डिस्क सेकंदाला मेगाबाइट-दीड मेगाबाइटवर येते. पेनड्राइव्ह बारीक तुकडे लिहिण्यात आणखी कच्चा, वर तापतो आणि लवकर मरतो. तेव्हा एसएसडी, निळ्या जिभेचे पोर्ट आणि डेटाची केबल, या तिघांपैकी एकही सुटून चालत नाही. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली टाइप-सी केबल बहुधा यूएसबी २ वेगाचीच असते. महागड्या डिस्कला ती लावून लोक डिस्कला दोष देतात.

विंडोजचे प्रकरण वेगळेच. यूएसबीवरून विंडोज चालवावी हे मायक्रोसॉफ्टच्या मनात कधी फारसे नव्हते. एक्सपी आणि विंडोज ७ सुरू होताना मध्येच यूएसबीचे ड्रायव्हर नव्याने उभे करतात. त्या क्षणी बाहेरची डिस्क हातातून सुटते आणि निळा पडदा येतो. करामती करून ते जमवणारे आहेत, पण भर हंगामात अशा करामतीवर दुकान चालवू नये. शिवाय विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात नाहीत. नव्या बोर्डवर तिला माउस आणि कीबोर्डही दिसत नाहीत. २०२० च्या आसपासपासून नव्या बोर्डांमधून जुन्या पद्धतीच्या बायोसची सोयही जात चालली आहे. त्यामुळे ‘नवा पीसी घेऊ आणि जुनी विंडोज ७ बाहेरच्या डिस्कवर ठेवू’ ही सर्वांत लोकप्रिय कल्पना विंडोजच्या बाबतीत सर्वांत कच्ची ठरते.

विंडोज ८ पासून गाडी वळली. २०१२ मध्ये कंपन्यांसाठीच्या आवृत्तीत ‘विंडोज टू गो’ आले. प्रमाणित यूएसबी डिस्कवर अख्खी विंडोज घेऊन फिरायची अशी ती सोय होती. २०२० च्या मे अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने ती काढून टाकली. पण यंत्रणा आतमध्ये शिल्लक आहे आणि रुफससारखे फुकट साधन तिचा उपयोग करून विंडोज १० किंवा ११ बाहेरच्या एसएसडीवर नीट बसवते. बसवताना ते विचारते, या विंडोजला आतल्या डिस्का दिसू द्यायच्या की नाहीत? या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावे. आतली जुनी विंडोज नव्या विंडोजला दिसलीच नाही, तर तिच्या फायली ‘दुरुस्त’ करायला ती जाणार नाही आणि नव्या बाजूने शिरलेला व्हायरसही सहजी तिच्यापर्यंत पोचणार नाही. मायक्रोसॉफ्ट या मार्गाला आधार देत नाही, आणि मोठे वार्षिक अपडेट अशा डिस्कवर कधी बसते, कधी अडते. ते अडले तर डिस्क पुन्हा भरायची. काम आणि फायली दुसरीकडे असल्या की त्यात नुकसान वेळेचेच.

एवढे पाहिल्यावर माझे मत उलट्या मांडणीकडे झुकते. तालुक्यातल्या दुकानात जुनी विंडोज आहे तिथेच, आत राहू द्यावी. डोंगल तिथे चालतो, प्रिंटर तिथे चालतो, फॉन्ट तिथे आहेत. नवी विंडोज बाहेरच्या एसएसडीवर ठेवावी, कारण बाहेर राहणे नव्या विंडोजलाच जमते. जुनीत नेट बंद करून टाकावे, फायलींची ने-आण पेनड्राइव्हने करावी. जीएसटी आणि बँक बाहेरच्या डिस्कवरून. अट एकच, पीसी फार म्हातारा नको. विंडोज ११ ची अधिकृत अपेक्षा टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची अशी आहे. बाहेरच्या डिस्कवर रुफसने विंडोज बसवताना ही तपासणी होत नाही, पण २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही सूचना असाव्याच लागतात आणि कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत. तो पीसी असेल तर हा मार्ग तिथेच संपतो.

मग आभासी संगणक. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, व्हीएमवेअर वर्कस्टेशन नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही फुकट झाले. नव्या विंडोजच्या पोटात खिडकीत एक्सपी चालते, तिच्यात पेजमेकर, त्यातून पीडीएफ, आणि छपाई नव्या विंडोजमधून. ही कल्पना मायक्रोसॉफ्टला २००९ मध्येच पटली होती. विंडोज ७ प्रोफेशनलसोबत ‘एक्सपी मोड’ त्यासाठीच दिला होता. यूएसबी डोंगल आभासी संगणकाला जोडून देता येतो. पॅरलल पोर्टच्या डोंगलची इथे खात्री देता येत नाही. फ्लेक्स मशीनच्या पीसीआय कार्डाला तर दार बंदच. ज्याचा डोंगल यूएसबीचा आहे आणि पीसीत ८ जीबी रॅम आहे, त्याने बाहेरच्या डिस्कचा विचार करण्याआधी हे करून पाहावे. अख्खी एक्सपी एका फाइलीत मावते आणि ती फाइल बाहेरच्या डिस्कवर नकलून ठेवली की संगणक जळाला तरी दुकान दुसऱ्या दिवशी उभे राहते. बाहेरच्या डिस्कचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

लिनक्सला बाहेर राहण्याची सवय जुनी. पेनड्राइव्हवरून चालवून पाहा, आवडले तर बसवा, असा त्याचा रिवाज. सी-डॅकचे बॉस लिनक्सही त्याच वंशातले. दोन खड्डे मात्र ठरलेले. उबुंटू बाहेरच्या डिस्कवर बसवताना त्याचा बूट लोडर अनेकदा गुपचूप आतल्या डिस्कवर जाऊन बसतो. डिस्क काढली की विंडोज सुरू होत नाही आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ उभा राहतो. बसवताना आतली डिस्क सोडवून ठेवली की हा घोळ होत नाही. दुसरा खड्डा घड्याळाचा. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ, आणि दोघांत अदलाबदल केली की घड्याळ बरोबर साडेपाच तास हलते. वेळ चुकली की बँकेचे सुरक्षित पान कधी कधी उघडत नाही आणि माणूस नेटवाल्याला फोन लावतो.

लिनक्सचा विषय निघाला की या भागात खोडदचे नाव घ्यावेच लागते. नारायणगावजवळची जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांची रेडिओ दुर्बीण. तिथली मोजमापे आधी दुर्बिणीच्या स्वतःच्या एलटीए स्वरूपात नोंदली जातात आणि मग फिट्स या खुल्या स्वरूपात बदलली जातात. फिट्स १९८१ पासूनचे आहे. ती वाचायला लागणारे कासा हे सॉफ्टवेअर लिनक्सच्या आणि मॅकच्या ठरावीक आवृत्त्यांवरच खात्रीने चालते, म्हणजे आवृत्त्यांची अडचण खगोलशास्त्रज्ञांनाही आहे. जुन्या कासासाठी जुने लिनक्स वेगळ्या डिस्कवर किंवा आभासी संगणकात ठेवणे हा त्यांच्या जगात रोजचा प्रकार. फरक इतकाच की त्यांची फाइल कुठल्याही काळात कोणीतरी उघडू शकते, कारण तिची रचना छापून ठेवलेली आहे. त्याच नारायणगावच्या बाजारात २००४ ची लग्नपत्रिका मात्र एका डोंगलवर टांगलेली असते.

म्हणून दोन आवृत्त्या ठेवणे हा मुदत वाढवून घेण्याचा उपाय आहे. मुळातले काम जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांना जुन्या फॉन्टची एक खोड सांभाळावी लागते. तिथे अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात : पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींच्या जागा उलट. जोडाक्षर मध्ये आले की कन्व्हर्टर हमखास चुकतो, आणि ‘वर्षश्राद्ध’, ‘कार्याध्यक्ष’ असले शब्द तपासणाऱ्याला घाम फोडतात. वर, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मालिकांची मांडणी सारखी असेलच असे नाही. अहवालांतली आडनावे तरी माणसाने वाचूनच काढावी लागतात. हे काम जुनी विंडोज जिवंत असतानाच होऊ शकते, कारण मूळ पान कसे दिसत होते ते शेजारी उघडून बघावे लागते. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी निदान प्रत्येक जुन्या फाइलची पीडीएफ करून ठेवावी. मजकूर बदलता येणार नाही, पण पान हरवणारही नाही.

परवान्याबद्दल दोन वाक्ये. विंडोजचा एक परवाना म्हणजे एक प्रत, बाहेरच्या डिस्कवरच्या दुसऱ्या प्रतीला दुसरा परवाना लागतो. बाजारात हे फार कोणी पाळत नाही, पण ज्या सोसायटीचे लेखापरीक्षण होते तिने पाळलेले बरे.

नव्या लॅपटॉपवर प्रयोग करणाऱ्याने आणखी एक काळजी घ्यावी. २४एच२ पासून विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नव्याने बसवली की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. बाहेरची डिस्क चालावी म्हणून सिक्युअर बूट बंद केले, की पुढच्या वेळी आतली विंडोज ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली खात्यात साठवलेली असते, आणि ते खाते दुकानदाराने स्वतःच्या मेलवर काढले होते की विकणाऱ्या पोराने भलत्याच, हे आधी तपासून घ्यावे.

विंडोज १० च्या घरगुती वापरासाठीची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, म्हणजे अहवालांची गर्दी ओसरल्यावर आणि पत्रिकांचा हंगाम सुरू होण्याआधी. प्रयोग त्याच्याही आधी, आषाढात करावा. दुकानात गिऱ्हाईक कमी असते. जुन्या डिस्कची क्लोनझिलाने पूर्ण प्रत काढून घ्यावी, मूळ डिस्क कपाटात ठेवून त्या प्रतीवर काम सुरू करावे, डोंगल लावून पेजमेकरमध्ये एक पत्रिका आणि एक अहवाल उघडून छापून पाहावा. ते जमले तरच नवी एसएसडी आणायला मंचरला जावे.